मोंटेव्हिडिओपर्यंतची जागा

— नाही पोरी, तू पॅरिसलाच थांबणार, म्हणून तुलाच विचारतेय. मला पुढं जायचंय. पॅरिसपर्यंत चौदा तास, तिथून साओ पावलो बारा, मग मोंटेव्हिडिओ आणखी तीन — मधे बसून राहायचं ते वेगळंच. मुलीनं मोबाइलवर बघितलं, एकोणीस हजार किलोमीटरच्या वर. म्हणाली, आई, याहून लांब पृथ्वीवर जागाच नाही, आणखी पुढं गेलीस तर घराकडंच यायला लागशील. बुसानहून पहिल्या गाडीनं निघाले, इथं विमानतळावर आले तर म्हणतात, विमान भरलंय. कुणी आलं नाही तर तुम्हाला जागा. आता सगळेच आलेत, काय करू? काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, कुणी आपणहून उद्या जायला तयार झालं तर चालेल. पॅरिस काय, उद्याही तिथंच असेल ना. माझ्या माणसाचं तसं नाही — डॉक्टर म्हणतात, फार तर दोन दिवस. आणि दीड दिवस तर वाटेतच जातो. तूच सांग, आज नाही निघाले तर कशाला निघू?

नवरा माझा. डोक-मान नाव त्याचं. माकूल पकडायच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. कंपनी? नाही, कंपनीनं नाही कळवलं. कंपनीचा काय संबंध — बोट त्यानं कधीच सोडली. बाजारात सगळ्यांना मी सांगते, बोटीवर आहे म्हणून, तुलाही तेच सांगत होते बघ. सवय. तिथंच राहतो तो, आठ वर्षं झाली, एका बाईबरोबर. ग्रासिएला. तिनंच फोन केला. ती तिच्या भाषेत बोलते आणि मोबाइल मला कोरियनमधून सांगतो — नवरा तुमचं नाव घेतो आहे, कृपया लवकर या. आता नवरा कुणाचा, ते त्या यंत्राला काय कळणार.

अशी बघू नकोस. बहीणही अशीच बघत होती. म्हणाली, लाज नाही का तुला, कशाला मरायला जातेस तिथं? मी म्हटलं, चार शब्द सुनवायला जाते. आणि पिशवीत काय भरलं माहितीये? खारवलेल्या कालवांची बरणी. भाताबरोबर त्याला तेच लागतं. तपासणीत काढून घेतली, बरंच झालं म्हणा. सुनवायचं कसलं, पोरी. तो माझं नाव घेतो म्हणाली ना ती. मुलगी आई म्हणते, नातू आजी म्हणतो, बाजारात सगळ्यांची मी मासळीवाली मावशी. आई गेली, थोरला भाऊ गेला. मला नावानं ओक-बुन म्हणणारा एवढा एकच माणूस राहिलाय. त्याच्या तोंडून एकदा ऐकायचंय, मग तो कुणाच्या का घरात मरेना —

उठलीस? खरंच देतेस जागा? देव तुझं — थांब हं, एक मिनिट, तिचाच फोन. हॅलो. हॅलो, ग्रासिएला, मी येतेय, जागा मिळाली —

बोल ना. मोबाइल काहीच सांगत नाहीये, ती नुसती रडतेय.

...

बस, पोरी. नको जाऊस काउंटरवर. रांग लागली बघ तुमची, तू जा. माझं काही नाही, मला आता कुठं जायचंय. जा म्हटलं ना — तिचं रडणं होईस्तोवर मी फोन धरून बसते.