खाडीकडे बघणारा कप्तान

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मोहम्मदभाई, व्यासपीठावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणारे आपले मॅनेजर गणराजभाऊ तांडेल आणि सौ. वहिनी, रेवदंड्याच्या माझ्या आयाबहिणींनो, आणि जेवणाच्या वासानं मागच्या दाराशी जमलेल्या तरुण मंडळींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी केसर. संचालक मंडळावर आहे, घरची एक बोट आहे. भाऊंच्या सचोटीबद्दल माझ्या आधीचे वक्ते बोलले, ते सगळं खरंच आहे. मी बोलणार आहे ऑफिसातल्या कप्तानाबद्दल. भाऊ, आत्तापासून खाली बघू नका. अजून मी काही सांगितलेलं नाही!

पाहुण्यांसाठी सांगते. कप्तान म्हणजे आरमारातल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याची तसबीर. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेली, फार जुनी. छातीवर पदकं, खांद्यावर झालरी, काखेत दुर्बीण आणि नजर एका बाजूला, लांब कुठंतरी. खालचं नाव कसरीनं खाल्लंय. एका बंगल्याचं जुनं सामान विकायला निघालं, तेव्हा आपल्या वडीलधाऱ्यांनी ऑफिससाठी खुर्च्या आणल्या. त्यांच्याबरोबर हाही आला. खुर्च्या मोडल्या, कप्तान टिकला.

जुन्या ऑफिसात त्याची नजर खिडकीतून बरोबर खाडीच्या मुखावर जायची. तो बघतोय तोवर बोटी परत येतात, असं आमच्या सासवा सांगायच्या. नव्या ऑफिसात भाऊंनी त्याला कपाटाकडे बघत टांगला. आम्ही बायका भांडायला गेलो. भाऊ म्हणाले, "अगो बायांनो, गोरा हाय तो! त्याच्या वक्ताला असता तर तुमच्याच होड्या धरून नेल्या असत्या. तो काय राखनार तुम्हाला?" आम्ही तणतणत घरी परतलो. राग मात्र गेला नाही.

मग दोन वर्षांपूर्वी, नवरात्राच्या सुमारास वारा अचानक फिरला. सगळ्या बोटी आल्या, आमची आली नाही. बोटीवर माझे मालक सदू आणि चार खलाशी. फोन लागेना, जीव टांगणीला लागलेला. मी भरदुपारी धावत ऑफिसात गेले, तर दारातून काय दिसलं? आपले विज्ञाननिष्ठ भाऊ स्टुलावर उभे! तोंडात खिळा, एका हातात कप्तान, दुसऱ्या हातात ठोकायला पेपरवेट. समोरच्या भिंतीवर, जिथून नजर थेट खाडीकडे जाते तिथे, तसबीर लावत होते. मला बघून खिळा तोंडातून काढला आणि म्हणाले, "बघतेस काय? त्या भिंतीला ओल येते."

हसा, हसा. मला मात्र त्या दिवशी रडू आलं. एवढा खमक्या माणूस माझ्या नवऱ्यासाठी घाबरलाय, हे बघून मला फार आधार वाटला.

पुढचं ऐका. भाऊ खाली उतरले, आपली खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि वायरलेस घेऊन बसले. एकेका बोटीला विचारत होते, "सोनूबाई कुनाला दिसली काय? सोनूबाई?" आमच्या बोटीचं नाव ते, माझ्या सासूचं. भाऊंचा आवाज बसला, चहा तसाच निवला. शेवटी श्रीवर्धनकडच्या एका बोटीनं साद दिली. इंजिन बंद पडून आमची बोट वाहत चालली होती. त्यांनी दोर टाकला. दिवस मावळताना भाऊंनाच ती आधी दिसली. म्हणाले, "केसर, ती बघ. आली गो."

बोट कुणी आणली? आयाबहिणी म्हणतात, कप्तानानं. मी वाद घालत नाही. पण त्या दिवशी खाडीकडे बघणारे दोघे होते, आणि हाका एकच मारत होता.

गेल्या आठवड्यात नव्या मॅनेजर कल्पिता कारभार हाती घेत होत्या. भिंती रंगवायच्या आहेत, तर तसबीर कुठे लावू, असं त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "तसबीर कुठंबी लाव, पोरी. खुर्ची मातर खाडीकडं ठेव."

वहिनी, इतकी वर्षं भाऊंचं ताट झाकून ठेवलंत, तुमचे आम्हा सगळ्यांकडून आभार. मोहम्मदभाई कधीचे आटपा म्हणून खूण करताहेत, त्यांची माफी मागते. भाऊंचं गुपित चारचौघांत फोडलं, तेही लेकीचं म्हणून पोटात घाला. आणि भाऊ, निर्धास्त जा. कप्तान आहे तिथंच राहील. पण ती खुर्ची कुणी फिरवली, तर आम्ही बायका पुन्हा भांडायला येऊ.