नातसुनेला शिट्टी

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर नातवाच्या रिसेप्शनहून परतणारी एक आजी आजोबांना झापत होती.

"जुन्या तमाशा थेटरात रिसेप्शन ठेवलं म्हणून काय झालं? नातसून स्टेजवर आली आन् तुम्ही शिट्टी मारली!"

"पडदा वर गेला आन् बोटं आपसूक तोंडात गेली. सवय, दुसरं काय!"

"सवय? तुम्ही तर भजनाला चाललो म्हणून सांगायचा."

"मग? गण गणपतीचा, गवळण किस्नाची. भजनच व्हतं की ते."

"आन् लावणी?"

"लावणीला मी डोळं मिटून बसायचो."

"आन् शिट्टी?"

"ती डोळं मिटूनबी वाजती."

"गाडी लागली बघा. मिटा डोळं आन् चढा."