गौरव फलकावरच्या रिकाम्या ओळी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय कुलगुरू महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती क्रीडा संचालक साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनीसाहेब, ग्रंथपाल बाई, सर्व प्राध्यापक मंडळी, पदकं लावून पुढच्या रांगेत बसलेले खेळाडू विद्यार्थी-विद्यार्थिनी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे दाराशी उभे असलेले माझे शिपाई, माळी, सफाईवाले दोस्त, सर्वांना माझा नमस्कार.

मी या विद्यापीठाचा पेंटर. नोकरीत नाही, कंत्राटावर. गेली सव्वीस वर्षं इथल्या दारादारांवरच्या पाट्या माझ्या हातच्या. 'शांतता राखा' मी लिहिलं, 'गवतावर चालू नये' मी लिहिलं, आणि माझ्या पाठीमागे भिंतीवर सोनेरी अक्षरांचा हा जो काळा क्रीडा गौरव फलक दिसतोय, तोही मीच लिहिला. एरवी अशा सभांना मी बॅनर टांगतो आणि मागच्या दाराने निघून जातो. या वेळी साहेबांनीच आग्रह धरला. म्हणाले, "आमचा पेंटर बोलू दे, चार शब्द गोड बोलतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच का, ते थोड्या वेळात कळेलच.

कुलगुरू महोदयांनी मघाशी जाहीर केलं की खेळांवरचा खर्च यंदापासून दुप्पट होणार. नवी धावपट्टी, नवे दिवे, शिष्यवृत्त्या वाढणार. सभागृहात टाळ्या झाल्या. ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत हे मी पाहिलं, आणि त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या वाचनालयाचं छत गळतं. 'पुस्तके ओली आहेत, हात लावू नये' ही पाटी मी त्यांना तीन वर्षांत दोनदा लिहून दिली आहे.

विद्यापीठाने खेळावर एवढा खर्च करावा का? मोठमोठी माणसं यावर भांडतात. मला कुणी विचारलं नाही, पण आता माईक हातात आहे तर सांगतो. करावा. माझी स्वतःची मुलगी या विद्यापीठात पायांच्या जोरावर आली. मार्कांच्या जोरावर आली नसती, आणि माझ्या खिशाच्या जोरावर तर फाटकावरच्या पहारेकऱ्यानेही तिला आत सोडलं नसतं. म्हणून शिष्यवृत्त्याच बंद करा म्हणणाऱ्या प्राध्यापकांशी माझं कधी पटलं नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते मी आजवर कुणापाशी काढलेलं नाही.

मघाशी चहाच्या वेळी प्रमुख पाहुण्यांनी फार चांगला प्रश्न विचारला. फलकाकडे बघून ते म्हणाले, "नावांच्या मधे मधे या रिकाम्या ओळी का सोडल्यात?" साहेब म्हणाले, "डिझाइन आहे." मी तिथेच कपबशी घेऊन उभा होतो. सव्वीस वर्षांत माझ्या डिझाइनचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. पाहुण्यांचा मान राखून त्या डिझाइनची हकिकत सांगतो.

चौदा वर्षांपूर्वी साहेब माझ्या घरी आले. मुलीला त्यांनी आदल्या दिवशी शाळेच्या स्पर्धेत अडथळ्यांची शर्यत पळताना पाहिलं होतं. घरात खुर्ची एकच, तिच्यावर बायकोचं शिवणकाम पसरलेलं, म्हणून साहेब रंगाच्या डब्यावर बसले. झाकण ओलं होतं. उठले तेव्हा पँटवर मागे हा एवढा तांबडा गोल. आम्ही ओशाळलो. साहेब हसले आणि म्हणाले, "पँट गेली तरी चालेल, मुलगी द्या." माणूस मोठा दिलदार वाटला मला. खोटं कशाला बोलू?

माझ्या बायकोला मात्र माणसं लवकर दिलदार वाटत नाहीत. तिने दारातूनच विचारलं, "आणि पाय-बिय मोडला तर?" साहेब म्हणाले, "वहिनी, आजपासून ही मुलगी माझी. पदवी हातात पडेपर्यंत तिची जबाबदारी माझ्यावर." तेव्हा कुठे आतून दुसरा चहा आला. साहेब, तुम्हाला आठवत नसेल. तो डाग मी टर्पेंटाइनने काढून दिला होता.

आणि साहेबांच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पहाटे मैदानावर सगळ्यांच्या आधी साहेब. मुलगी दोन वर्षं जिंकत राहिली. तिसऱ्या वर्षी अंतिम स्पर्धेच्या सकाळी तिचा गुडघा सुजला होता. तिने सांगितलं, "सर, गुडघा साथ देत नाहीये." साहेब म्हणाले, "पट्टी बांध. फायनल रोज येत नाही." तिने पट्टी बांधली. दहा अडथळे असतात. दहाव्यावरून उतरताना गुडघा फिरला, पुढची पाच-सहा पावलं तिने नुसत्या वेगाच्या भरात काढली आणि रेघेपलीकडे जाऊन पडली. पहिली आली. पदक तिला इस्पितळात नेऊन दिलं, त्याचा फोटोही छापून आला. फोटोत साहेब आहेत, पदक आहे, मुलगी अर्धी कापली गेली आहे.

त्या पदकासाठी तिचं नाव मी या फलकावर लिहिलं. डावीकडची रांग, वरून चौथी ओळ. सव्वीस वर्षांत दोनदा पुसून लिहावी लागलेली तेवढी एकच ओळ.

सात महिन्यांनी पत्र आलं. सलग दोन स्पर्धांत भाग घेतला नाही, सबब शिष्यवृत्ती रद्द, वसतिगृहाची खोली आठ दिवसांत रिकामी करावी. पदवीची एकच परीक्षा उरली होती. मी साहेबांच्या कार्यालयात गेलो. या वेळी बसायला चांगली खुर्ची होती. मी त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली. साहेब म्हणाले, "नियम आहे, पेंटर. पायांवर घेतली होती, पाय संपले." मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "आणि हो, फलकावरचं तिचं नाव काळं करून टाका. बाहेरचे पाहुणे येतात, विचारतात, ही मुलगी आता कुठे असते? मी काय उत्तर देऊ?"

गरज सरो, वैद्य मरो ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. तिचा अर्थ त्या खोलीत कळला.

आता तुम्ही म्हणाल, बाप म्हणवतोस आणि काय केलंस? काही नाही. मूग गिळले. माझं वर्षाचं कंत्राट त्याच आठवड्यात नवं व्हायचं होतं आणि तिच्या ऑपरेशनचे हप्ते चालू होते. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडी घेऊन याच सभागृहात आलो. फरशी नुकतीच पुसलेली, शिडी सरकत होती, धरायला शिपाई सापडेना. तेवढ्यात मुलगी आली. खोली रिकामी करून, पिशव्या घेऊन, पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार. म्हणाली, "बाबा, पडाल." पिशव्या खाली ठेवल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली.

मी वर, ती खाली. मी तिचं नाव पुसतोय आणि मी पडू नये म्हणून ती शिडी धरून उभी आहे. उतरल्यावर तिने एवढंच विचारलं, "नीट झाकलं गेलं ना?" तिची आई पुढे महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मी तिच्या जागी असतो तर वर्षभर बोललो नसतो.

चिठ्ठी आली आहे. 'कृपया आवरते घ्या.' अक्षर सुरेख आहे, निवेदिका बाईंचं अभिनंदन. आवरतोच.

साहेब, तुम्हाला घाम आलाय. समोर पाणी आहे, घ्या थोडं. सगळं संपवू नका, मला लागणार आहे.

तिच्यानंतर आणखी तेरा जणांची पाळी आली. पोहणाऱ्या मुलाचा खांदा गेला, उंच उडीवाल्याची पाठ गेली, एका धावणाऱ्या पोरीला नुसता दम लागायचा तर ती आळशी ठरली. दर वेळी कार्यालयातून चिठ्ठी यायची, 'अमुक ओळ काळी करणे', खाली साहेबांची सही. त्या तेराही चिठ्ठ्या आणि मुलीला आलेलं ते पत्र या पाकिटात आहे आणि हे पाकीट मी अध्यक्ष महोदयांच्या हातात देतो. महोदय, खर्च दुप्पट करा, चौपट करा. पण किती द्यायचं यावर तुमच्या सभांमध्ये चार चार तास वाद होतो, आणि कधीपर्यंत द्यायचं यावर चार मिनिटंही नाही. खेळता खेळता पाय मोडला तर पदवीपर्यंतचा शब्द पाळणार की नाही, हे त्या नव्या योजनेत आधी लिहा. पाळणार नसाल तर दिव्यांचे खांबही उभारू नका, त्या पैशांतून बाईंचं छत तरी होईल. पुढच्या रांगेतल्या मुलांनो, तुम्ही सही केलेला कागद आज घरी जाऊन वाचा. मी तो वाचला नव्हता.

आता एक गोष्ट, जी मी आजवर बायकोला सांगितली नाही आणि मुलीलाही नाही. तेलरंगावर तेलरंग बसला की खालचं अक्षर गेलं. त्या दिवशी माझ्या डब्यात तेलरंग नव्हता, आणि पुढच्या तेराही वेळी नव्हता. डिंकाच्या पाण्यात काजळी खलून नेली होती. नव्या दमाच्या पेंटरला विचारा, तो हसेल. हा रंग फलकावर कुणी लावत नाही. दिसायला काळा, पण चकाकी नाही, आणि ओलं फडकं लागलं की निघून जातो. चकाकी का नाही असं कुणी विचारलं असतं तर सांगणार होतो, सुकला की येईल. कुणी विचारलंच नाही. अकरा वर्षांत ज्या फलकासमोर तुम्ही एवढे फोटो काढलेत, त्याच्याकडे एकदाही कुणी निरखून पाहिलं नाही. टर्पेंटाइनचा वास नाही हे मुलीच्या ध्यानात आलं होतं का, ते ठाऊक नाही. आलं असलं तरी तिने दाखवलं नाही. आज ती माझंच दुकान सांभाळते, अक्षरं माझ्याहून चांगली काढते, आणि दुकान आता तिच्या नावावर आहे. म्हणून विद्यापीठाचं कंत्राट उद्या गेलं तरी माझी झोप उडणार नाही. एवढं होईपर्यंत मी थांबलो. हा शूरपणा नव्हे हे मला कळतं.

साहेब, लोक म्हणतात क्षमा मोठी. असेल. मला अजून तिथवर पोचता आलेलं नाही. मला तुमचा राग येतो. सकाळी ती जिन्याला धरून एक एक पायरी उतरते तेव्हा रोज नव्याने येतो.

तुमच्या सन्मानार्थ समितीने गेल्या आठवड्यात मला फलकावर सगळ्यात वर एक ओळ लिहायला सांगितली. 'या यशाचे शिल्पकार', आणि त्याखाली तुमचं पूर्ण नाव. ती मी लिहिली. मघाशी तिच्यावरचा पडदा निघाला तेव्हा तुम्ही डोळे पुसलेत, मला बरं वाटलं. ती ओळ मी अस्सल तेलरंगात लिहिली आहे, वरून वार्निशचे दोन हात दिले आहेत. फलक उद्या नव्या क्रीडागृहाच्या दारात लागणार, म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण आधी शिल्पकाराचं नाव वाचणार आणि मग खालची सगळी. ती चौदा नावं वाचून कुणी ना कुणी पाहुणा तुम्हाला गाठून विचारणारच, ही मुलं आता कुठे असतात? उत्तर तयार ठेवा. निवृत्तीनंतर तुम्हाला वेळ भरपूर आहे.

माझ्यासारख्या माणसाला या व्यासपीठावर बोलावलंत, शेवटपर्यंत ऐकून घेतलंत, माईक बंद केला नाहीत, याबद्दल अध्यक्षांचे, समितीचे आणि विशेषतः संचालक साहेबांचे मनापासून आभार. वहिनीसाहेब, तुमचं माझं काही वैर नाही, आजची संध्याकाळ कडू केली याबद्दल तुमची तेवढी माफी मागतो. बोलण्याची मला सवय नाही, तेव्हा शब्द कमी-जास्त झाला असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. लिहिण्यात मात्र माझ्या हातून चौदा चुका झाल्या आहेत. त्या पोटात घालू नका. त्या मी आत्ता दुरुस्त करून घेतो.

ए पोरी, मागच्या खांबाआड उभी राहू नकोस, इकडे ये. फडकं माझ्या खिशात आहे, पाणी साहेबांनी ठेवलंय. डावीकडची रांग, वरून चौथी ओळ. चारच पायऱ्या आहेत, घाई करू नकोस, गुडघा सांभाळून चढ. आज शिडी मी धरतो.