मोहनरावांच्या रजेची फोड

विषय : गेवराईचे गणिताचे मास्तर मोहनराव यांस, सांत मितीच्या व अर्धसरल नसलेल्या बीजगणितांवरील मॉड्यूलांचा आपला सिद्धांत हैदराबादेस प्रोफेसरसाहेबांपुढे मांडणेकरिता रजा, प्रवासखर्च व बदली मास्तर मिळणेबाबत.

झालं! एवढं वाचलं आणि शाळाखात्याच्या कचेरीतल्या पेशकार सुंदररावांनी खिडकीतून पिचकारी टाकली. "एका अर्जात तीन मागण्या? सुटं करून आणा!" तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या हाताखाली कारकुनीत माझी हयात गेली, त्याच्या छातीत काळजाच्या जागी शिक्का होता हो... आणि मोहनराव असे भोळे, की त्याला समजावायला बसले!

"सुंदरराव, माझा सिद्धांतच त्यो हाय. मॉड्यूल म्हंजी दोन आकड्यांची जोडी समजा, एक वर, एक खाली. नियम असा, की खालचा वर जातो, वरचा खाली येत न्हाई. वरचा एकटा नांदतो, पर खालचा एकटा काढून दाखवा! काढला की निघाला वर! जोडी सुटी व्हतच न्हाई."

"मग असलं गणित करता कावून? पोरांना पाढे येईनात! सुटं करून आणा!"

आता निजामाच्या मुलखात हे समजणारा माणूस एकच, ते प्रोफेसरसाहेब, आणि तेही दसऱ्याला कायमचे विलायतेस निघालेले! मग सिद्धांत सांगायचा कुणाला? घरी वच्छलाबाईंना सांगून झाला होता. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "म्हंजी तुमी खालचेच म्हणा की!"

केले बिचाऱ्यांनी तीन अर्ज. रजेवर शेरा : बदली मास्तर हजर झाल्यावर. बदली मास्तरावर शेरा : रजा मंजूर झाल्यावर. खर्चावर शेरा : वरील दोन्ही झाल्यावर! मोहनराव कपाळाला हात लावून म्हणाले, "सुंदरराव, माझं मॉड्यूल बरं, त्यातला एक तरी एकटा नांदतो!"

"मग सुटं केलं कावून? जोडून आणा की!"

आणलं जोडून! तोवर दसरा झाला, साहेब बोटीत बसले. मोहनराव म्हणाले, "अर्ज मागं घेतो." सुंदररावांनी मान वर केली नाही. "मागं घ्यायला येगळा अर्ज लागतो. रजेचा, खर्चाचा, मास्तराचा... सुटं करून आणा!"

पुढे मोहनराव पेन्शनीत गेले. मीही गेलो. अर्ज विचाराधीन आहे.