प्रोजेक्टरवरचा नारळ

माझं त्या दिवशी कोणी ऐकलंच नाही गो! कॉलेजात चित्रं दाखवायचा नवा प्रोजेक्टर आला होता, आणि दसऱ्यानंतर तो पेटेचना. झाडलोट माझ्याकडे, म्हणून सगळे म्हणाले, "हिनेच ओलं फडकं फिरवलंन." प्रिन्सिपॉल मेहेंदळेसाहेब म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

म्हटलं, "जाते. आधी झाकण काढा."

तिथल्या एका प्रोफेसरांनी काढलं. आत खोबऱ्याचा तुकडा, त्याला मुंग्या.

"मी फडक्याने पुसते हो, नारळाने नाही! दसऱ्याच्या पूजेला ह्याच्यावर नारळ कोणी फोडलान?"

प्रसाद सगळ्यांनी खाल्ला होता, पण आता जो तो दाराकडे सरकायला लागला. मी दारातच बसले. "नाव सांगा, मग घरी जा."

शेवटी साहेब स्वतःच पुटपुटले, "प्रिन्सिपॉल मेहेंदळे."