सात नंबर खोलीची बेल

मावशी : ...आणि चार वाजता साहेबांनी वर बोलावलंय. चौकशी म्हणे! मंगळवारी मी बेलचा हा हँडसेट बंद करून ठेवला आणि हे आजोबा पडले, असं म्हणत कामावरून काढणार. अकरा वर्षं या वृद्धाश्रमात राबले, त्याचं हे फळ.

नेटवर्कवाला : चारला अजून तास आहे, मावशी. त्या हँडसेटच्या मागचा नंबर वाचा बघू.

मावशी : चष्मा कुठं ठेवलाय देव जाणे. घ्या, तुम्हीच वाचा. पण हे चाललंय काय?

नेटवर्कवाला : पॅकेट कॅप्चर लावतोय. छताला वायफायचे हे पांढरे डबे आहेत ना, त्यांचं तुमच्या हँडसेटशी जे बोलणं होतं, ते जसंच्या तसं फायलीत उतरवून घ्यायचं. कुठला हँडसेट, कुठला चॅनल, किती वेळ, एवढं नेमून दिलं की डबा टिपत बसतो. एक हा सात नंबरच्या दाराबाहेरचा आणि एक तिकडे लाँड्रीजवळचा.

मावशी : म्हणजे भिंतीला कान असतात ते खरंच!

नेटवर्कवाला : भिंतीला नाही, छताला. आता मंगळवारी आलात तशाच लाँड्रीतून चादरी घेऊन या. वाटेत हँडसेटला हात लावायचा नाही.

मावशी : हात कसा लावणार? चादरींनी दोन्ही हात भरलेले असतात. निघाले मी.

नेटवर्कवाला : आजोबा, त्या आल्या की उशाजवळचं बटण दाबाल?

आजोबा : नाही.

नेटवर्कवाला : एकदाच हो.

आजोबा : मंगळवारी तेवीस वेळा दाबलं. मोजलंय मी. पाणी हवं होतं. शेवटी स्वतःच उठलो आणि हे प्लॅस्टर पदरात पडलं.

नेटवर्कवाला : फार दुखतंय का मनगट?

आजोबा : मनगटाचं काय घेऊन बसलास! एरवी बटण दाबायचा अवकाश, ती लांबूनच ओरडायची, ‘आले हो, आजोबा!’ त्या दिवशी हाक नाही की चाहूल नाही. ऐकूनही बसून राहिली, ते दुखतंय. तेव्हापासून बटणाला हात लावला नाही. रात्री तहान लागली तरी नाही.

(मावशी चादरींचा गठ्ठा घेऊन आत येतात.)

मावशी : हे घ्या. एवढ्या वाटेनं आले, पण हँडसेटला बोटही लावलं नाही. दिवा बघा, हिरवागार.

नेटवर्कवाला : आजोबा, आता.

आजोबा : सांगितलं ना, नाही.

मावशी : आजोबा, माझ्यावरचा राग राहू दे मनात. पण एकदा दाबा. माझी भाकरी आहे हो त्याच्यावर.

आजोबा : हं. दाबलं.

मावशी : दाबलं? खरंच?

आजोबा : मग काय खोटं दाबलं? इकडे लाल दिवा लागलाय की! हे बघ, परत दाबतो. आणि परत.

मावशी : वाजत नाही! आजोबा, इकडे बघा, तुमच्या नाकासमोर धरलाय. चालू आहे आणि वाजत नाही!

आजोबा : अरेच्चा! बंद तर दिसत नाही.

नेटवर्कवाला : सापडलं! हा बघा लाँड्रीजवळचा डबा. हँडसेट अजून त्यालाच चिकटलाय. डबा तिकडून हाका मारतोय. प्रत्येक बेलला सात-सात हाका, आणि उत्तर एकाचंही नाही. मधे लिफ्टची लोखंडी भिंत आहे, हाक इथवर पोचतच नाही.

मावशी : म्हणजे मी बंद केला नव्हता.

नेटवर्कवाला : नव्हता. आणि मावशी... तो बंद होता असं साहेबांना वाटलं, ते माझ्यामुळं.

मावशी : तुमच्यामुळं? ते कसं?

नेटवर्कवाला : दाराबाहेरच्या डब्यावर महिन्यापासून एक कॅप्चर आधीच लावलेला आहे. बुधवारी मी त्याचीच मंगळवारची फाईल बघितली. तुमचा हँडसेट त्यात कुठंच नव्हता. मी कागदावर लिहून दिलं, ‘हँडसेट नेटवर्कवर नाही.’ पण हा डबा फक्त स्वतःच्या चॅनलवरचं ऐकतो. लाँड्रीचा चॅनल वेगळा. तिथं मी बघितलंच नाही.

मावशी : तीन दिवस मी साहेबांच्या नावानं बोटं मोडतेय, आणि आग लावणारे तुम्ही! अहो, दोन जावांचं भांडण असलं तरी माणूस दोघींना विचारतो. तुम्ही एकीचं ऐकून मोकळे झालात?

नेटवर्कवाला : चुकलंच माझं.

मावशी : जेवण गेलं नाही हो मला तीन दिवस. मुलीला सांगायचीसुद्धा लाज वाटली.

नेटवर्कवाला : चारला तुमच्याबरोबर मी येतो वर. दोन्ही डब्यांच्या फायली दाखवतो. आणि बुधवारचा कागद चुकीचा होता, चूक माझी, असं लेखी देतो.

मावशी : आणि तुम्हालाच काढलं तर?

नेटवर्कवाला : बोलणी तर खाईनच. पण तुमच्या वाटणीचीही मीच खाल्ली पाहिजेत.

मावशी : बरं. पण साहेबांसमोर असे चाचरत बोलू नका. ताठ मानेनं सांगा. आणि तोपर्यंत हे नीट करा आधी.

नेटवर्कवाला : तेच करतोय. लाँड्रीच्या डब्याला सांगितलं, सिग्नल इतका उतरला की हँडसेटला धरून बसू नकोस, सोडून दे. झालं. आता दाराबाहेरच्यानं घेतला बघा.

मावशी : ऐकलंत ना, आजोबा? माझ्या कानावर आलं असतं तर मी बसले असते का हो?

(आजोबा उशाजवळचं बटण दाबतात.)

मावशी : अगंबाई, वाजला! आजोबा, आता कशाला दाबलंत? मी तुमच्या उशाशीच उभी आहे की.

आजोबा : दिसतंय मला. तरी म्हण.

मावशी : आले हो, आजोबा.