नमुन्याची तेरवी

निर्मलाबाई : अरे, पन रडून कायले राहिला? आंधी पानी पे. किती धाप लागली तुले!

सुखराम : बाई... तू उभी हायस?

निर्मलाबाई : उभी नाही तं का भरदुपारी निजू? मागावरून उठून आली तुह्यासाठी. धागा तसाच लोंबून राहिला तिकडे.

सुखराम : तुह्या हाताले हात लावू काय एकडाव?

निर्मलाबाई : लाव ना. माय वो, हा तं हात सोडेच ना! का झालं, सुखराम? पुष्पा बरी हाय ना? लेकरं?

सुखराम : समदे बरे हायेत. तूच तेवढी मेली होतीस.

(सुखराम हा निर्मलाबाईंचा पाठचा भाऊ. राहणार नाकाडोंगरीचा, चिखल्याच्या खाणीच्या हापिसात सायक्लोस्टाइलचं मशीन चालवणारा. आई गेली तेव्हापासून बहीणभावांत बोलणं नव्हतं. आणि आज कुणाच्या ध्यानीमनी नसताना तो पवनीला त्यांच्या दारात उभा होता. बगलेत कागदात बांधलेलं काहीतरी, डोळे रडून सुजलेले. निर्मलाबाईंना धास्ती ही, की आपल्या तोंडून वाकडा शब्द गेला तर हा आल्या पावली परत जाईल. आणि दुसरी धास्ती नवऱ्याची. पाहुणा उंबऱ्यात दिसला की आतूनच चहाची आरोळी ठोकणारे धनीराम आज मागाआड दडून बसले होते. हे लक्षण काही बरं नव्हतं.)

निर्मलाबाई : मेली? कोन मेली? भ्रमला काय तू?

सुखराम : हे पाय. हे पाहून निंगालो मी. तूच वाच.

निर्मलाबाई : "कळविण्यास अत्यंत दुःख होते की, कैलासवासी सौभाग्यवती निर्मलाबाई धनीरामजी, मुक्काम पवनी, यांना अहेवपणी देवाज्ञा..." माय वो! हे तं माहं नाव हाय! लाल शाईत!

सुखराम : मी तेवढंच वाचलो. तुहं नाव. खाली वाचाले डोळेच राह्यले नाही.

निर्मलाबाई : खाली तं तेरवी लिहली हाय. तारखेची जागा कोरी. अरे, हे कोन्या मेल्यानं छापलं? कोनाचं का वाईट केलं मी?

धनीराम : निर्मला, आंधी खाली बस. मंग सांगतो.

निर्मलाबाई : तुमाले मालूम हाय हे?

धनीराम : मालूम म्हंजे... मजकूर माहाच हाय.

निर्मलाबाई : तुमचा?

धनीराम : नमुना व्हय तो. निस्ता नमुना. मागच्या बजारी नागपूरले गेलतो ना मी, रंगीत छपाईची मशीन पाहाले? घरच्या घरी लागीन, दोन मानसं चालवतीन, अशी लहानशी. तीन जागी पाह्यलो. एक सायक्लोस्टाइल, एक पायानं चालवाची ट्रेडल, आन् एक नवीन निंगाली हाय, स्क्रीनची. तिघायलेबी एकच मजकूर देल्लो. मजकूर अलग अलग तं बराबरी कशी कराव?

निर्मलाबाई : मंग लग्नाचा द्याचा होता. सत्यनारायनाचा द्याचा होता. बायको काहून मारली?

धनीराम : आयक तं. लग्नाचं कार्ड लालच लाल. साध्या तेरवीचं काळंच काळं. दुकानदार म्हने, रंगावर रंग चढते का बाजूले राहते, हेच मशीनचं खरं पानी. दोन रंगाचा मजकूर द्या. आता आपल्या इकडे दोन रंगाचं कार्ड कोनतं, तूच सांग. सवाशीन गेली तं तेवढंच. मजकूर काळा आन् नाव कुंकवाचं.

निर्मलाबाई : तं साऱ्या पवनीत मीच एक सवाशीन देसली तुमाले?

धनीराम : दुसऱ्याच्या घरची सवाशीन कशी मारू? पाप नाही लागत? आपली घरची, म्हून... आन् जित्या मानसाच्या मरनाची अफवा उठली तं आयुष्य वाढते, असं तुही मायच म्हने. म्हनलं, मशीनबी पाहून होते आन् तुहं आयुष्यबी वाढते.

निर्मलाबाई : अफवा उठते, उठते! तुमी तं छापून आनली! येवढं आयुष्याचं सुचलं तं आपलं नाव टाकता!

धनीराम : मी मेलो तं नाव काळंच येते वो. लाल रंग कुठून आनू?

निर्मलाबाई : आयकलं, सुखराम? आयकून राहिला ना? ह्या मानसासंग मी संसार केला.

सुखराम : भाऊजी, नमुना होता तं मले काहून धाडला?

निर्मलाबाई : हो! हे राह्यलंच. नाकाडोंगरीले कसा पोचला हा कागद?

धनीराम : मीच धाडलो. तिन्ही नमुने, एका पाकिटात. सुखराम रोज मशीनवर हात काळे करते, त्याले जे समजन ते मले का समजन? माग सोडून दुसरा धंदा कराचा म्हनलं तं जानकाराले पुसाव लागते.

निर्मलाबाई : आन् मले न सांगता? त्याचं नाव निंगालं तं मी ताटावरून उठते, हे मालूम असून?

धनीराम : म्हून तं सांगतलो नाही. पन संग चिठ्ठी होती, सुखराम. साफ लिहलो होतो, हा नमुना हाय, घाबरू नोको, कोनती मशीन घेऊ ते कळव. बाबूलाल धानाचा ट्रक घेऊन तुमसरले चालला होता, त्याच्या हातात देल्लो पाकीट.

सुखराम : चिठ्ठी? मले चिठ्ठी नाही भेटली, भाऊजी. पाकीटबी नाही. हा कागद तेवढा, उघडा.

धनीराम : उघडा कसा?

सुखराम : बाबूलालनं तुमसरच्या चायटपरीवर पाकीट देल्लं खाणीच्या गाडीवाल्या सेवकरामले. पाकीट उसवलं होतं. सेवकरामनं आंदर नजर टाकली तं मयतीचा कागद. आता मयतीचा कागद पाकिटात कोंडून कोनी नेते काय? उघडाच हातात धरून पोचवाव लागते, नाहीतर नेनाऱ्याच्या घरावर येते. म्हने, तीन होते, तिन्हीवर तेच नाव. दोन फुसके होते, साफ होता तो उचललो, बाकी समदं तिथंच ठेवलो. आन् मले देताना मान खाली घालून उभा राह्यला. मी समजून गेलो.

धनीराम : साफ कोनता? पाहू, पाहू. अरे, हा तं स्क्रीनचा! निर्मला, पाय. त्या गाडीवाल्याले कोनी काही सांगतलं नाही, तरी त्यानं स्क्रीनचाच उचलला!

निर्मलाबाई : मी मरून राहिली आन् तुमी मशीन पाहून राहिले.

सुखराम : साफ हाय म्हूनच तं फसलो, बाई. आमच्या सायक्लोस्टाइलचा राहता तं म्हनलो असतो, कोनं मस्करी केली. त्याच्यात रंग बदलाचा म्हनलं तं रोलर धुवाव लागते, तरी लालाचं कत्थई होऊन येते. ट्रेडलवर अक्षराचा एक एक खिळा जुळवाव लागते, कागद दोनदा घालाव लागते, जरा सरकला का नाव मजकुरावर चढलंच समजा. मी रोज पाहातो हे. आन् ह्या कागदावर तुहं नाव कसं बसलं होतं! शाई वर उभी, बोटाले लागे. मी दोनदा बोट फिरवलो. म्हनलं, एवढं साजरं कोन छापीन, खरं नसन तं?

धनीराम : बोटाले लागते ना? जाळीच्या कापडातून गाळून येते ती शाई. लाकडाची चौकट, तिले कापड तानून बांधलं, वरून रबराची पट्टी ओढली का झालं. ना खिळे, ना लोखंड. मागाच्या बाजूले राहते. आन् कापड तानाचं तं आपल्याले कोन शिकवीन?

निर्मलाबाई : चूप बसा जरा. सुखराम, बगलेत का हाय तुह्या?

सुखराम : काही नाही.

निर्मलाबाई : दाखव.

सुखराम : राहू दे ना, बाई.

निर्मलाबाई : दाखव म्हनते ना! ...लुगडं. हिरवं लुगडं.

सुखराम : अहेव गेली तं भावानं आनाव लागते. माहेरचं नेसल्याबिगर तुले कसं नेतीन? माती झाली का बाकी हाय, काही समजे ना. दुकानवाल्याले उठवलो, हाती आलं ते घेतलो आन् यष्टीत बसलो. भंडाऱ्यापासून एकच धावा करून राहिलो होतो, देवा, नेसवाले तेवढी ठेवजो.

निर्मलाबाई : मिलचं हाय हे.

सुखराम : आँ?

निर्मलाबाई : किनार पाय. मिलचं हाय. कोष्ट्याची पोर, जलमभर मागावर बसली, आन् तिच्या मयतीले मिलचं लुगडं आनलं?

सुखराम : डोळ्यात पानी होतं, बाई. किनार कोन पाहीन?

निर्मलाबाई : इतक्या भाऊबिजा गेल्या. चोळीचा खन नाही आला तुह्या घरून. मेली तवा मातर धावत आला.

सुखराम : जित्ती होतीस तं दारात उभा राहू देली असतीस काय?

निर्मलाबाई : नसती देली.

सुखराम : मंग?

धनीराम : जाऊ दे, जाऊ दे. चाय ठेवतो मी.

निर्मलाबाई : थांबा. सुखराम, एक सांग. माय गेली तवा निरोप कोनापाशी देल्ला होतास?

सुखराम : कितीडाव सांगू? धानाच्याच ट्रकवाल्यापाशी. त्याची गाडी भंडाऱ्याले बिघडली. त्यानं दुसऱ्याले सांगतलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. कोनापाशी जिरला ते अजूनबी मालूम नाही मले. तवाबी हेच सांगतलो होतो.

निर्मलाबाई : हो. आन् मी म्हनली, खोटारडा हाय. म्हनली, बायकोनं शिकवलं म्हून बहिनीले टाळलं. साऱ्या आळीसमोर म्हनली. मले बजारात कोनं तरी सांगतलं तवा मी आली, आन् राख बी थंडी झाली होती.

सुखराम : मले आठोते.

निर्मलाबाई : मले वाटे, मरनाचा निरोप कुठं हरपते काय? कोनी मानूस मरनाचा निरोप टाकून देईन काय? माह्या टकुऱ्यात शिरेच ना ते. आन् आज पाय. घरच्यानं चिठ्ठी लिहून धाडली आन् तुह्या हाती का पडलं!

धनीराम : माह्यानं चूक झाली.

निर्मलाबाई : तुमची झाली, ते मंग पाहाते मी. आता माही मोजून राहिली. सुखराम... माय पुसत होती काय माहं?

सुखराम : पुसे ना. यष्टीचा हारन वाजला का पुसे, निर्मला उतरली काय. मी म्हनो, निरोप गेला, येऊनच राहिली. शेवटपावत तेच म्हनत राह्यलो. तिले खोटं नव्हतं सांगून राहिलो, बाई. मले खरंच वाटत होतं का तू येऊन राहिली.

निर्मलाबाई : मले कोनी सांगतलंच नाही रे.

सुखराम : मालूम हाय. रडू नोको. तू रडतेस तं मले पुन्हा भेव वाटते.

निर्मलाबाई : मी तुले लय बोलली. भावजयीलेबी बोलली. त्या पोरीनं मायचं समदं केलं आन् मी तिले... माही जीभ झडाव होती.

सुखराम : तीच पुष्पा आज छाती पिटून रडून राहिली तुह्यासाठी. चूल बंद हाय. धुरपतामावशी ओसरीत बसली हाय, आळीच्या बाया जमल्या. आता मी वापस जाऊन का सांगू? म्हनीन, बाई जित्ती हाय, तं म्हनतीन, दुःखानं भ्रमला बिचारा.

धनीराम : मी येतो संग. साऱ्यायच्या समोर कान धरतो.

निर्मलाबाई : तुमी तुमसरले उतरा. ते दोन नमुने टपरीवर पडून हायेत ना? त्याच बजारात माही मावसबहीन रुखमा भाजी घ्याले येते!

धनीराम : अरे देवा! हे तं ध्यानातच नाही आलं!

निर्मलाबाई : धुंडा आन् चुलीत घाला.

सुखराम : बाई, हे लुगडं का करू? वापस घरी नेता येत नाही. वैनगंगेत सोडू काय?

निर्मलाबाई : कायले? राहू दे फळीवर. एक ना एक दिस लागनच. तवा तुले दुकानवाल्याले उठवाचं काम नाही.

सुखराम : असं नोको बोलू. मी येत जाईन, बाई. जित्तेपनी येत जाईन.

निर्मलाबाई : ये. भाऊबिजीले ये. आन् हातमागाचं आन.

धनीराम : निर्मला, रागावू नोको, पन... मंग स्क्रीनचीच घेऊ ना?

निर्मलाबाई : घ्या. मले मारून पाह्यलंच हाय तं घ्या. पन पयलं कार्ड कोन्या जित्याचं छापजा.

धनीराम : छापतो. शपथ. पन तू कुठं निंगाली? पदर कायले खोचून राहिली? आताच जातीस? पोचतपावत रात होईन, सकाळच्या यष्टीनं जा. नाकाडोंगरीचं तोंड पाह्यनार नाही म्हनली होतीस ना?

निर्मलाबाई : मायच्या मातीले नाही पोचली मी. आपल्या तं पोचू द्या.